गुंता कुणाच्या पदरात?

नागरिकांसाठी सरकारी सेवांचं ॲप करणाऱ्या कंपनीत तू लागलास, हे ताईने कळवलं. पेढेही पोचले. आता मावशीचा हक्क बजावते आणि चार गोष्टी सांगून ठेवते. यातल्या काही मला आमच्या मास्तरांकडून मिळाल्या, काही फॉर्म, पाट्या आणि माहितीपत्रकं करता करता जमल्या. आमचं काम कागदावर नि पत्र्यावर चालायचं, तुझं काचेवर चालेल. पण समोरचं माणूस बदललेलं नाही. ते घाईत असतं, एका हातात पिशवी असते, आणि आपल्याला जमलं नाही तर मागचे लोक हसतील अशी धास्ती असते.

पहिल्याच आठवड्यात तुला कुणीतरी सांगेल, "हे जरा सोपं करून द्या." म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणी सांगणार नाही. मग बहुतेक मुलं स्क्रीनवरच्या गोष्टी काढायला लागतात. मजकूर छाटतात, चित्र मोठं करतात, भोवती मोकळी जागा सोडतात. दिसतं छान. पण नियम होते तेवढेच राहतात, कागदपत्रंही तेवढीच लागतात, आणि आधी एका नजरेत कळणारी गोष्ट आता माणसाला तिसऱ्या खेपेला कळते. मास्तर म्हणायचे, गुंता मरत नसतो, तो कुणाच्या ना कुणाच्या पदरात पडतो. नागरिकाच्या पदरात टाकायचा की आपण घ्यायचा, एवढंच आपण ठरवू शकतो. पुढे जे सांगणार आहे ते सगळं याच एका गोष्टीच्या पोटात येतं.

मला ठाऊक असलेला याचा सगळ्यात देखणा नमुना गडचिरोलीतला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेपुढे प्रश्न होता की दवाखान्यापासून लांबच्या गावात तान्ह्या मुलाचा न्यूमोनिया ओळखायचा कसा. वैद्यकशास्त्राचं उत्तर तयार होतं: श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असले, किंवा त्यापुढच्या तान्ह्याचे ५० किंवा त्याहून जास्त असले, तर शंका घ्यायची. हे करायचं होतं गावातल्या दायांनी, आणि त्यांतल्या कितीतरी जणी शाळेची पायरी न चढलेल्या. त्यांनी साठपर्यंत न चुकता मोजायचं, त्याच वेळी घड्याळाकडे बघायचं, बाळाच्या वयाप्रमाणे आकडा आठवायचा आणि मग ताडून पाहायचं. शिकलेल्या माणसाचीही यात गडबड होईल.

त्यावर त्यांनी 'ब्रेथ काउंटर' नावाचं साधं साधन बनवलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेल्या मण्यांच्या दोन ओळी, एक लहान बाळांसाठी, दुसरी त्याहून मोठ्यांसाठी. दहा श्वास मोजून झाले की एक मणी सरकवायचा. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर पोचलो, तर औषध सुरू करायचं. दाईला दहापर्यंत मोजता आलं की पुरे.

या साधनाकडे नीट बघ. साठ आणि पन्नास हे आकडे मण्यांच्या संख्येत जाऊन बसले. वयाचा नियम दोन ओळींत गेला, घड्याळ वाळूत गेलं. शास्त्रातलं काहीही पातळ केलेलं नाही. फक्त दाईच्या डोक्यावरचं ओझं लाकडा-तारेवर चढवलं, आणि ते कसं चढवायचं याचा सगळा ताप साधन करणाऱ्यांनी सोसला. तुझी प्रत्येक स्क्रीन तयार झाली की तिला हेच विचार: इथे माणसाला काय आठवावं लागतंय, काय मोजावं लागतंय, कशाशी काय ताडून पाहावं लागतंय? जे सापडेल त्याचा मणी कर.

उदाहरण देते. "मागील तीन आर्थिक वर्षांचे उत्पन्नाचे पुरावे जोडा" असं वाक्य तुला शासन निर्णयातून जसंच्या तसं मिळेल. माणूस बोटं मोजायला लागतो. आर्थिक वर्ष मार्चला संपतं, समज आपण मे २०२५ मध्ये आहोत, मग यंदाचं धरायचं की नाही? अरे, तुझ्या यंत्राला आजची तारीख ठाऊक आहे ना? मग तीन वर्षं लिहून दे: २०२२-२३, २०२३-२४, २०२४-२५. "अमुक तारखेस वयाची १८ वर्षे पूर्ण असावीत" असं असेल तर "तुमचा जन्म या तारखेचा किंवा त्याआधीचा हवा" असं म्हण आणि तारीख छाप. वजाबाकी तू कर. त्याने केली तर शंभरात दहा जण चुकणार आणि दहाही जण तुमच्या मदत केंद्राला फोन लावणार.

यानंतरची गोष्ट नाजूक आहे, कारण ती साहेब लोकांना आवडत नाही. कचेरीच्या आतल्या भिंती बाहेरच्या माणसाला दाखवू नयेत. दादर स्टेशन आठव. पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे, दोघींनी आपापले फलाट एकपासून मोजलेले. रेल्वेच्या हिशेबात ती दोन स्टेशनं. पुलावर बॅगा घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या हिशेबात एकच दादर, आणि त्यात एक नंबरचे फलाट दोन! मुरलेला मुंबईकर सवयीने बरोबर जिन्याने उतरायचा. गावाहून आलेला पाहुणा चुकीच्या. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेने आपले आकडे बदलले. पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले, मध्यचे ८ ते १४ झाले. फलाट जिथल्या तिथे, गाड्या त्याच. वर्षानुवर्षांचा घोळ पाट्यांवरच्या आकड्यांनी निस्तरला.

तुझ्या ॲपच्या पहिल्या पानावर हेच होऊ घातलेलं असेल. महसूल विभाग, ग्रामविकास विभाग, सामाजिक न्याय विभाग असे चौकोन, त्यावर प्रत्येकाचं बोधचिन्ह. बाई आलेली असते मुलीच्या फीमाफीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला. तो कुठल्या विभागाचा, हे तिने का शोधायचं? कामाच्या नावाने दार कर: "उत्पन्नाचा दाखला", "जन्माची नोंद", "जमिनीचा उतारा". आत गेल्यावर अर्ज कुठल्या विभागाकडे धाडायचा ते यंत्र बघेल. यावर बैठकीत वाद होतील. प्रत्येक विभागाला आपलं नाव वर हवं असतं. वाद घालत बसू नकोस, त्यांचं बोधचिन्ह पोचपावतीवर मोठं छाप. तेवढ्याने बरेच जण शांत होतात.

सातबाऱ्यावर थोडी रेंगाळते, कारण सरकारी कागद कसा सुधारावा याचा तो घरचा धडा आहे. गाव नमुना सात म्हणजे हक्काची नोंद आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची, हे तुझ्या आजोबांना तोंडपाठ होतं. तरी तो कागद वाचायला ते तलाठ्याकडेच जायचे. २०२० मध्ये त्याचा नमुना बदलला. वरवर पाहिलं तर फार काही केलेलं दिसत नाही, आणि मला तेच आवडलं. लागवडीयोग्य क्षेत्र, पोटखराबा आणि एकूण बेरीज वेगळी दाखवली. खाते क्रमांक पूर्वी 'इतर हक्क' या रकान्याबरोबर पडून असायचा, तो खातेदाराच्या नावापुढे आणला. दोन खातेदारांच्या मध्ये तुटक रेघ आली, त्यामुळे कुठलं क्षेत्र कुणाचं ते डोळ्याला कळायला लागलं. शेवटचा फेरफार कुठला आणि कधीचा, ते लिहिलेलं मिळू लागलं.

त्यातले दोन बदल मात्र तू पाठ कर. पूर्वी मयत खातेदाराचं नाव किंवा फिटलेला बोजा कंसात टाकायचे. कंस म्हणजे रद्द, हा कचेरीचा संकेत. शेतकऱ्याला तो कुणी शिकवलेलाच नव्हता. कागदावर बापाचं नाव दिसतंय आणि कर्जही दिसतंय, म्हणजे ते अजून आहे, असंच कुणीही समजेल. नव्या नमुन्यात अशा नोंदीवर आडवी रेघ ओढतात. खोडलेलं म्हणजे संपलेलं, हे शाळेत न गेलेल्यालाही कळतं. दुसरा बदल असा की फेरफार प्रलंबित नसेल तर तिथे जागा कोरी सोडत नाहीत, "प्रलंबित फेरफार नाही" असं स्पष्ट लिहितात. कोऱ्या जागेचे दोन अर्थ होतात: काही नाही, किंवा कुणी भरायला विसरलं. जमिनीचा व्यवहार करणाऱ्याला या दोन अर्थांमधल्या फरकापायी वकील गाठावा लागतो. तुझ्या स्क्रीनवर थकबाकी नसेल तर "थकबाकी नाही" असं लिही. कागदपत्र बाकी नसेल तर तेही लिही.

आणि सातबाऱ्याचा सांगाडा त्यांनी मोडला नाही, हेही ध्यानात ठेव. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यालासुद्धा आपलं नाव कागदाच्या कुठल्या बाजूला असतं ते माहीत असतं. नवं काही करायच्या हौसेने तू सगळं हलवलंस, तर त्याच्या हातातली ती एक खूण गेली. तुमच्या वयाच्या मुलांना दर वर्षी ॲपचा चेहरा बदलायची खाज असते, ती आवर.

आता बटणं. एका स्क्रीनवर मी हे डोळ्यांनी पाहिलंय: "अर्ज रद्द करायचा आहे का?" आणि खाली दोन बटणं, "ठीक आहे" आणि "रद्द करा". कुठलं दाबायचं? अर्ज रद्द व्हावा म्हणून "रद्द करा" दाबणारा माणूस फसतो, कारण ते बटण प्रश्नच रद्द करतं आणि अर्ज तसाच राहतो. बटणावर कृती पूर्ण लिहावी: "अर्ज रद्द करा" आणि "अर्ज राहू द्या". लांब झालं तरी चालेल. वरचा प्रश्न न वाचता नुसतं बटण वाचून कळलं पाहिजे, कारण प्रश्न कुणी वाचत नाही. "हो" आणि "नाही" ही बटणं शक्यतो टाळ. मराठीत "तुम्हाला हे नको आहे का?" याला "हो" म्हटलं तर काय आणि "नाही" म्हटलं तर काय, यावर घरात भांडणं होतात.

नावाच्या रकान्यांचं वेगळंच दुखणं आहे. आपल्याकडे शाळेच्या हजेरीपासून आडनाव आधी लिहायची सवय. फॉर्म मात्र दुसरीकडून आलेला, त्यात पहिलं नाव, मधलं नाव, शेवटचं नाव. "पहिलं" म्हणजे पहिल्यांदा लिहितो ते, असं समजून लोक आडनाव घालतात. मग आधारवर एक, बँकेत दुसरं, सातबाऱ्यावर तिसरं, आणि पैसे अडकतात. रकान्याला क्रमाचं नाव देऊच नकोस. "तुमचं नाव", "वडिलांचं नाव", "आडनाव" असं लिही आणि खाली नमुना दाखव. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईला जुनं नाव लिहायला जागा ठेव. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, सरकारी कागदपत्रांवर, बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम महाराष्ट्रात आला आहे. म्हणजे एकाच घरातल्या थोरल्याचं नाव तीन रकान्यांत मावेल आणि धाकटीला चार लागतील. तुझ्या फॉर्ममध्ये दोघांचीही सोय हवी.

काम झालं की नाही, हे सांगण्याबद्दल मी थोडी कडक आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला. एक झडप उघडी अडकली होती आणि तिच्यातून अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी निघून जात होतं. नियंत्रण कक्षातला दिवा पाहून कर्मचारी समजले की झडप बंद आहे. तो दिवा खरं तर एवढंच दाखवत होता की "बंद हो" हा हुकूम गेला. झडपेने तो पाळला की नाही, हे त्याला माहीतच नव्हतं. दोन तासांहून जास्त वेळ पाणी जात राहिलं आणि अणुभट्टीचा गाभा काही अंशी वितळला.

"तुमचा अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला आहे" हा तुझ्या ॲपमधला तसलाच दिवा. अर्ज तुमच्या सर्व्हरवर पोचला, एवढंच त्याला ठाऊक. माणूस मात्र समजतो की काम झालं, आणि पंधरा दिवसांनी दाखला मागायला जातो. म्हणून खरं लिही: "अर्ज आमच्याकडे आला. तहसील कार्यालयाने तो अजून पाहिलेला नाही." लोकसेवा हक्काच्या २०१५ च्या कायद्यानुसार अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे. ती "विहित कालावधीत" अशी लपवू नकोस, दिवस मोजून तारीखच छाप.

चांगला नमुना हवा असेल तर आपलं मतदान यंत्र बघ. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक आरेखन केंद्रातले ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांचा हात त्याच्या आरेखनाला लागला आहे. मतदारापुढे नाव, चिन्ह आणि शेजारी एक निळं बटण. दाबलं की त्याच नावाशेजारचा लाल दिवा लागतो आणि यंत्र वाजतं. पुढे कागदाची चिठ्ठी आली, ती काचेतून सात सेकंद दिसते. मतदान सुरू करणं, बंद करणं, मोजणं ही सगळी किचकट बटणं दुसऱ्या पेटीवर, मतदान अधिकाऱ्यांच्या ताब्यात. गुंता कुणाकडे ठेवला, ते त्या दोन पेट्या शेजारी ठेवल्या की दिसतं.

मोबाइलवर जाणारे मेसेज तुलाच लिहायला लागतील, कारण ते काम कुणालाच नको असतं. इंग्रजी अक्षरांतला साधा एसएमएस १६० अक्षरांचा असतो, देवनागरीतला ७० चा. त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. "प्रिय अर्जदार, आपण सादर केलेल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की" हे मोजून बघ. बरोबर ७० भरतात! म्हणजे पहिला मेसेज संपला आणि काहीही कळलं नाही. त्याऐवजी "दाखला तयार. १२ जूनपर्यंत सेतू केंद्रातून घ्या. मूळ आधार आणा." हे साठात बसतं. अनुषंगाने वगैरे शब्द काढताना वरिष्ठ म्हणतील की भाषा शासकीय वाटत नाही. त्यांना ७० चा हिशेब दाखव आणि दोन मेसेजचा खर्च सांग. पैशाचा मुद्दा लवकर पटतो.

देवनागरीबद्दल जाता जाता एवढंच की अक्षरांमधलं अंतर वाढवू नकोस, शिरोरेषा तुटते. दोन ओळींमध्ये मात्र सढळ जागा सोड, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना भिडतात. "कुटुंबप्रमुखांच्या" हा शब्द प्रत्येक रकान्यात घालून बघ. तो मावला तर बाकी बहुतेक मावतं.

हे सगळं सांगितलं म्हणून सगळंच गुळगुळीत करायला जाऊ नकोस. काही ठिकाणी माणसाला अडवायला हवं. पैसे जाणार असतील, संमती घ्यायची असेल, हक्कसोड असेल, तिथे पायरी मुद्दाम उंच ठेवावी. यूपीआयवर पैसे मिळवायला पिन लागत नाही, तरी "पैसे येणार आहेत, पिन टाका" या थापेला किती जण बळी पडले ते तू वाचलं असशीलच. अशा जागी आकडा मोठा आणि अक्षरी लिहावा, आणि "तुमच्या खात्यातून पाच हजार रुपये जातील" असं सरळ म्हणावं. सुटसुटीत हिरव्या बटणाचा मोह इथे नको.

तपासणीसाठी तुमच्याकडे काय काय यंत्रणा असेल ते मला कळत नाही. पण सेतू केंद्राच्या बाहेर फॉर्म भरून देणारा जो एजंट बसतो, त्याच्याजवळ एक सकाळ काढ. फॉर्मवर "अर्जदाराचा सध्याचा निवासाचा पत्ता" असं छापलेलं असतं आणि तो विचारतो, "मावशी, आत्ता राहता कुठं?" त्याने विचारलेलं प्रत्येक वाक्य उतरवून घे. ते लोकांवर रोज घासून घासून तयार झालेलं असतं आणि तुझ्या स्क्रीनवर सहसा तसंच्या तसं चालतं. त्याला चहाचे पैसे दे, त्याचा वेळ मोडतो.

आणि तुमच्या मदत केंद्रात फोन घेणाऱ्या मुली असतील, त्यांच्याशेजारी हेडफोन लावून बसायची परवानगी रुजू होतानाच मागून घे. नंतर मागितलीस तर कामाच्या रगाड्यात कुणी देणार नाही. कॉल चालू असताना मध्ये बोलू नकोस. त्या मुली कुठल्या प्रश्नाला न ऐकता उत्तर द्यायला लागतात ते बघ, आणि त्या प्रश्नाची स्क्रीन सगळ्यात आधी हातात घे.